पहाटे रस्ता रिकामा, तरी प्रदूषण-मीटरचा आकडा सगळ्यात जास्त का?

पुण्यात धायरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आईला दमा आहे, म्हणून गेल्या दिवाळीआधी पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिबारीक कण, मोजणारं छोटं यंत्र घेऊन गॅलरीत ठेवलं. आता त्या आकड्यांनीच डोकं खाल्लंय.

डिसेंबरात पहाटे सहाला ११० (एका घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम). दुपारी दोनला, फाट्यावर गाड्या तुंबलेल्या असताना, ३५! एप्रिलमध्ये शेजारच्या बांधकामाची धूळ इतकी, की कठड्यावर बोटाने नाव लिहावं. यंत्र म्हणतं ४०. जुलैत दहा-पंधरा. यंत्र बिघडलंय का? आणि आईला फिरायला कधी नेऊ? ती पाचच्या ठोक्याला चपला घालून दारात. पहाटेची हवा शुद्ध असते असं आजोबा सांगून गेलेत, म्हणजे विषय संपला.

प्रतिसाद १ :
यंत्र ठणठणीत आहे. थंडीत रात्री आभाळ निरभ्र, जमीन झपाट्याने गार होते आणि तिच्यालगतची हवाही. वर उबदार हवेचं झाकण बसतं, वारा पडलेला. संध्याकाळच्या गाड्यांचा धूर, शेकोट्या, पेटवलेला कचरा, सगळं त्याखाली रात्रभर कोंडतं. ऊन चढलं की झाकण उठतं. दुपारी धूर कमी निघतो असं नाही, त्याला पांगायला जागा मिळते.

कठड्यावरची धूळ जाड. ती स्वस्त यंत्रांना नीट मोजताच येत नाही. २.५ मायक्रॉनखालचे कण बरेचसे जळण्यातून येतात, काही सल्फेट-नायट्रेटच्या रूपात हवेतच तयार होतात. पावसाळ्यात सरी आणि समुद्रावरचा वारा ते टिकू देत नाहीत.

आईंना दहानंतर न्या, नाहीतर चारला.

प्रतिसाद २ :
धुक्यात ही लेसरवाली यंत्रं आकडा फुगवतात, कण ओल धरतात ना. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' ही हवा मोजणारी यंत्रणा आहे, तिच्या आकड्यांशी ताडून बघा. आणि एका तासाचा आकडा बघून घाबरू नका. आपल्याकडची ६० ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र २०२१ पासून १५ म्हणते.

धागाकर्ता :
दोघांचे आभार. काल रात्री अकराला खाली डोकावलो. वॉचमनकाकांच्या शेकोटीत प्लायवूडचे तुकडे आणि ओला पाला, धूर सरळ आमच्या गॅलरीत. त्यांना तरी काय बोलणार, केबिनला दारच नाही. सोसायटीकडे हीटरचा अर्ज टाकलाय.

आई साडेनऊवर आलीये. दहा म्हणजे तिच्या मते दुपार.