आयपॅड वाय-फायचा की सिमवाला? वहिनी शनिवारी निघतायत

दादा (सध्या मुक्काम नाशिक):

मंडळी, घाईत लिहितोय. वहिनी शनिवारी अमेरिकेहून नाशिकला निघतायत आणि बॅगेत एका आयपॅड मिनीपुरती जागा देते म्हणाल्यात. पुतणीचं धुळ्याचं वैमानिकाचं ट्रेनिंग पुढच्या महिन्यात सुरू होतंय, सेसना 172 या छोट्या विमानावर. तिथल्या सिनियर मुलांनी सांगितलं की उडताना नकाशा बघायला मोठा आयपॅड घेऊ नकोस, मांडीवर पट्ट्याने बांधता येईल असा मिनीच घे. तेवढं ठरलं. अडलंय ते एवढ्यावरच, की नुसता वाय-फायचा घ्यायचा की सिमवाला? सिमवाल्याला साधारण दीडशे डॉलर जास्त पडतात. हवेत सिम वापरायचंच नाही तर ते पैसे कशाला, असं दुकानातला मुलगाही म्हणाला. अण्णा, तुम्ही स्वतः विमान चालवता, तुम्ही सांगा. शुक्रवारी संध्याकाळच्या आत खरेदी व्हायला हवी.

वहिनी:

जागा आहे, पण एकाच खोक्याची. कव्हर, पट्टा, चार्जर असं मागाहून वाढवू नका, ते नाशिकला मिळतं. बिल बरोबर द्या, कस्टमवाल्यांनी विचारलं तर हातात हवं. आणि हे सगळ्यांनाच सांगते, भारतात काही पाठवायचं असेल तर आधी माझ्याकडच्या यादीत नाव घाला. मेलवर परस्पर ठरतं आणि मग मे महिन्यात गोळ्यांच्या बाटल्यांचं झालं तसं होतं. त्या वेळी विमानतळावर बॅग उघडून सामान मला एकटीला काढावं लागलं होतं.

खजिनदार:

दादा, वाय-फायचाच घ्या. आपल्या मराठी मंडळाचे दोन्ही टॅब वाय-फायचेच आहेत. गणपतीत दारावरची नोंदणी चारही दिवस फोनच्या हॉटस्पॉटवर केली, एकदाही अडलं नाही. नकाशे उडण्याआधी उतरवून ठेवता येतात, आणि पुतणीच्या खिशात फोन असणारच. दीडशे डॉलर ही काही लहान रक्कम नाही. प्रोजेक्टरच्या वेळी ‘पुढे लागेल’ म्हणून जे जास्तीचं घेतलं ते अजून माझ्या गराजमध्ये पडून आहे.

अण्णा:

खजिनदारसाहेब, दारावरचा टॅब चार दिवस एका टेबलावर होता. आपण कुठे आहोत हे त्याला कोणी विचारत नव्हतं. विमानात त्याला तेवढंच विचारायचं असतं.

दादा, सिमवाला घ्या, आणि त्यात सिम टाकू नका. हे दीडशे डॉलर सिमचे नाहीत, जीपीएसच्या चिपचे आहेत. ॲपल ती चिप फक्त सेल्युलर मॉडेलमध्ये घालतं, वाय-फायच्या आयपॅडमध्ये ती नसतेच. तो आजूबाजूच्या राउटरांवरून आपली जागा ओळखतो. म्हणून घरात, दुकानात, पार्किंगमध्ये तो अगदी बरोबर ठिकाण दाखवतो आणि माणूस फसतो. तीन हजार फुटांवर राउटर कुठले?

मी स्वतः यात सापडलोय. शिकत होतो तेव्हा वाय-फायचाच घेतला होता. क्लबहाउसमध्ये नकाशावर विमानाचं चिन्ह अगदी जागेवर दिसलं. उड्डाण केलं, दहा मिनिटं गेली. खिडकीतून खाली तळं दिसतंय, त्याच्या काठची पांढरी पाण्याची टाकी दिसतेय, आणि मांडीवरच्या नकाशावर विमान अजून क्लबच्या दारात उभं. मी स्क्रीनवर बोट आपटत राहिलो. शेजारच्या इन्स्ट्रक्टरने टॅब उचलून पालथा ठेवला आणि म्हणाला, बाहेर बघ आणि आपण कुठे आहोत ते मला सांग. त्या दिवशी तो शेजारी होता. पुतणी सोलोला जाईल तेव्हा शेजारची सीट रिकामी असेल. म्हणून एवढं लांबण लावतोय.

सिम नसलं तरी जीपीएस चालतं. उपग्रह 20,200 किलोमीटरवरून बोलत असतात, आयपॅड फक्त ऐकतो. चार उपग्रह ऐकू आले की उंचीसकट जागा कळते. टॉवर लागत नाही, प्लॅन लागत नाही. नेट असलं तर पहिली जागा लवकर सापडते, एवढाच फरक. नेट नसेल आणि आयपॅड बरेच दिवस बंद असेल तर वेळ लागू शकतो, कारण सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक आकाशातून उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी, विमान एप्रनवर, म्हणजे विमानतळावर विमानं लावतात तिथे, उभं असतानाच, आयपॅड उघड्या आभाळाखाली चालू करून ठेवायचा. एअरप्लेन मोड लावला तरी जीपीएस बंद पडत नाही. आयपॅडच्या आयओएस 8.3 या जुन्या सॉफ्टवेअरच्या आधी पडायचं, ती जुनी माहिती अजून लोक एकमेकांना सांगतात.

उन्हाचं मात्र तिला नक्की सांगा. ॲपलने वापरासाठी 35 अंशांची मर्यादा दिलीय आणि धुळ्याचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. काचेतून थेट ऊन पडलं की स्क्रीन काळी होते आणि गार होईपर्यंत काही करता येत नाही. जाड कव्हर घालू नये, उतरल्यावर डॅशबोर्डवर विसरू नये.

खजिनदार:

अण्णा, चिपचं मान्य. पण परवाच गाडीत मुलाच्या वाय-फायच्या आयपॅडवर ठिपका रस्त्यावरून नीट सरकत होता. माझ्या आयफोनचा हॉटस्पॉट होता. मी डोळ्यांनी बघितलंय. मग तो कुठून आला?

अण्णा:

तुमच्या फोनमधून आला. आयफोनचा हॉटस्पॉट असला की फोनची जागा कधी कधी आयपॅडला मिळते. गाडीत ते चालून जातं. पण हॉटस्पॉटसाठी फोनचं नेटवर्क चालू लागतं, आणि हवेत तेच बंद ठेवायचं असतं. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाचा 22.925 हा नियम आहे. विमानाने जमीन सोडली की सेल्युलर फोन बंद. उंचावरून एकच फोन एकाच वेळी कितीतरी टॉवरांना दिसतो, खालच्यांना त्याचा त्रास होतो. भारतात तिने शाळेचा नियम विचारून तसंच वागावं. आणि जोडणी तुटली की ठिपका असतो तिथेच थांबतो. वाईट ते हेच. नकाशा कोरा झाला तर माणूस सावध होतो, थांबलेल्या ठिपक्यावर विश्वास ठेवतो.

कोणाकडे वाय-फायचा आधीच असेल तर तो टाकून देऊ नका. गार्मिनचा ग्लो 2 किंवा बॅड एल्फ असा ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर मिळतो. ग्लो सेकंदाला दहा वेळा जागा देतो, आयपॅडच्या आतल्या चिपपेक्षाही चांगला. पण नवीनच घ्यायचा असेल तर रोज चार्ज करायची आणखी एक वस्तू मुलीच्या मागे कशाला? हवामान दाखवणारे महागडे एडीएस-बी रिसीव्हरही धुळ्यासाठी घेऊ नका. ते 978 मेगाहर्ट्झवरचं फुकट हवामान अमेरिकेतल्या जमिनीवरच्या स्टेशनांवरून येतं, आपल्याकडे ते नाही.

नाना (नाशिक, पंचवटी):

अण्णांचा इन्स्ट्रक्टर मला आवडला. मी ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरी केली, वैमानिक नाही. पण एकदा धुळ्याहून चार आसनी विमानात मागे बसून आलोय आणि तो रस्ता आजही डोळ्यासमोर आहे. खाली आग्रा रोड. मालेगावला मोसम नदी. पुढे सातमाळा डोंगररांग आडवी येते. डाव्या हाताला लांब मनमाडचा सुळका, हडबीची शेंडी, अंगठा वर केल्यासारखी, आणि उजवीकडे धोडप किल्ल्याची काळी भिंत. त्या भिंतीतली खाच दिसली की दुसरा कुठला डोंगर असेल अशी शंका राहत नाही. धोडप साधारण साडेचौदाशे मीटर आहे, म्हणजे पावणेपाच हजार फुटांच्या आसपास. ढग खाली आले असतील तर नकाशावरचा नेमका आकडा मुलीला पाठ हवा. चांदवड मागे पडलं की पिंपळगावच्या द्राक्षबागा, आणि मग ओझरची धावपट्टी.

दादा, आयपॅड जरूर आणा. पण आधी तिला घेऊन माझ्याकडे या. कागदी नकाशा पसरू, पट्टीने रेघ मारू, दर दहा मिनिटांना कुठली खूण यायला हवी ते लिहू. 172 ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास जातं, गणित सोपं आहे. जीपीएसचे सिग्नल मुद्दाम बिघडवण्याचे प्रकार हल्ली वाढलेत, आपल्या विमान वाहतुकीच्या नियामकाने, डीजीसीएने, 2023 मध्ये त्यावर परिपत्रकही काढलं. तेव्हा घड्याळ आणि होकायंत्र वापरून वाट काढता यायलाच हवी.

ताई:

नाना, किती वर्षांनी धोडप आठवला! आम्ही कॉलेजमधून गेलो होतो, हट्टी गावातून चढलो होतो. मुलांना एकदा दाखवायचाय.

दादा, आमच्याकडे ट्रेकिंगसाठी घेतलेला सॅटेलाइट मेसेंजर पडून आहे, नेट नसलं तरी त्यावरून निरोप जातो. पुतणीला उपयोगी पडेल. वहिनींकडे देऊ का? मुठीएवढा आहे.

वहिनी:

ताई, तो मी नेणार नाही. उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं भारतात परवानगीशिवाय चालत नाहीत. विमानतळावर अशी यंत्रं सापडून परदेशी प्रवाशांना पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. प्रश्न मुठीचा नाही. म्हणूनच म्हणते, वस्तू काय आहे ते यादीत लिहा.

अण्णा:

वहिनींचं बरोबर आहे. आयपॅडची चिप फक्त ऐकणारी आहे, तिची अडचण नाही. निरोप पाठवणारं यंत्र ही वेगळी गोष्ट.

दादा:

ठरलं. मिनी, सेल्युलर, सिमशिवाय. खजिनदारसाहेब, तुमच्या शंकेमुळे हॉटस्पॉटचं कळलं, नाहीतर पुतणीने तेच केलं असतं. अण्णा, तुमचा थांबलेल्या ठिपक्याचा परिच्छेद तिला वाचून दाखवला. तिने वहीत उतरवून घेतला आणि विचारलं, टॅब पालथा ठेवल्यावर तुम्ही बरोबर सांगितलंत का? कळवा, ती उत्तराची वाट बघतेय.

वहिनी, पैसे आत्ताच पाठवलेत, बिल तुमच्याच नावावर घ्या. तुम्ही पोचलात की गंगापूर रोडला घरी येऊन घेऊन जाईन, तुम्हाला नाशिकभर फिरवणार नाही. नाना, रविवारी सकाळी नऊला येतो. नकाशा तुमच्याकडे आहे की मी बघू? पट्टी आणि पेन्सिल तिची आहे.