फिलिप्पै २:१२ आणि इफिस २:८ तरुण संघाला एकत्र कसं शिकवावं?

अभ्यासवही:
रविवारी तरुण संघात 'कृपा' हा विषय घ्यायचाय. इफिस २:८ म्हणतं तारण हे देवाचं दान; फिलिप्पै २:१२ म्हणतं, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या. मुलं इथेच अडतात. पाऊण तास आहे, क्रम काय ठेवू?

द्राक्षवेल:
१२ वं वचन एकटं वाचूच नका, सगळा घोळ तिथेच होतो. १३ मध्ये पौल, म्हणजे ही पत्रं लिहिणारा प्रेषित, लगेच कारण देतो: इच्छा आणि कृती, दोन्ही तुमच्या ठायी देवच साधून देतो. शिवाय १:१ पाहा, पत्र ख्रिस्त येशूमधल्या पवित्र जनांना आहे. म्हणजे तारण कमवायला नाही, मिळालेलं जगायला सांगितलंय.

सुरुवात इफिस २:१ पासून करा. अपराधांमुळे मृत असलेल्याला नुसता हात देऊन भागत नाही, त्याला जिवंतच करावं लागतं. मग ८-९ (तारण कर्मांनी नव्हे), आणि १० (सत्कृत्यांसाठीच आपण निर्माण केलेले) अजिबात सोडू नका! बरेच जण ९ वर थांबतात, मग मुलांना वाटतं सत्कृत्यांना किंमतच नाही. शेवटची दहा मिनिटं १ करिंथ १५:१० ला द्या: पौल सर्वांपेक्षा जास्त श्रम केल्याचं सांगतो आणि लगेच म्हणतो, ते मी नव्हे, देवाच्या कृपेने.

वसईचा वाचक:
थोडा इतिहासही सांगा. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीवर पाप टाळू शकतो, असं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा ख्रिस्ती शिक्षक शिकवायचा. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने त्याला कडाडून विरोध केला. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने ती शिकवण नाकारली. पुढे दक्षिण गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) मधला मार्ग निघाला, पहिलं पाऊल माणसाचं, पुढचं देवाचं. ५२९ च्या ऑरेंज परिषदेने तोही नाकारला: विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच. 'आपण प्रयत्न करायचे, बाकी देव बघेल' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं ना, तो हाच मधला मार्ग. मुलांसमोर तो स्पष्ट खोडून काढा.

आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट वाद उकरू नका. कृपेनेच नीतिमान ठरतो, यावर लूथरन आणि कॅथलिकांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्यात.

अभ्यासवही:
दोघांचेही आभार. सगळं कृपेनेच, 'मग उपवास कशाला?' असं मुलांनी विचारलं तर?

द्राक्षवेल:
लूक १८:९-१४ वाचून घ्या. त्या दाखल्यातला परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी) आठवड्यातून दोनदा उपवास करायचा, दशांश द्यायचा, आणि ते खरंच होतं. चुकलं ते तो हे सगळं देवापुढे जमेला मांडायला गेला तिथे. जकातदाराने फक्त दया मागितली आणि नीतिमान ठरून घरी गेला. उपवास मोडल्यावर प्रार्थनेलाच तोंड दाखवायची लाज वाटत असेल, तर तिथेही हिशेबच चाललाय, हे मुलांना सांगा.