विषय: शनिवारचा इंटरव्ह्यू सराव – दोन परीक्षक हवेत, आणि खोलीचं काय?

मेधा, बुधवार रात्री 9:40

मंडळी,

शनिवारी सकाळी 10 ते 12 मंडळाचा इंटरव्ह्यू सराव, यावेळी नोकरी शोधणारे सहा जण आहेत. परीक्षक मी आणि श्रीराम. श्रीराम 11 च्या आत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी दोघं हवेत, आणि त्यातल्या एकाने तरी इथे अमेरिकेत स्वतः माणसं नोकरीवर घेतलेली असावीत. पल्लवीचा खरा इंटरव्ह्यू मंगळवारी आहे, व्हिडिओवर, समोर चौघं. तिला पूर्ण पाऊण तास द्यायचाय.

एक विनंती. मागच्या वेळी उमेदवार बारा मिनिटं बोलले आणि परीक्षक चाळीस. नावं घेत नाही.

आणि मागच्या तिघांची माझी टिपणं आज पुन्हा चाळली. तिघांचं दुखणं एकच. ‘तुम्ही नेमकं काय केलंत?’ विचारलं की उत्तर ‘वुई’. वुई मायग्रेटेड, वुई डिसायडेड, वुई फेस्ड सम इश्यूज. शनिवारी टेबलावर घंटा ठेवणार आहे. ‘वुई’ म्हटलं की घंटा.

खोली विद्याने बघितली असेलच.

– मेधा

विद्या (सांस्कृतिक), बुधवार रात्री 10:15

मेधा,

‘बघितली असेलच’ म्हणजे? लायब्ररीतली मोठी खोली शनिवारी एकांकिकेच्या तालमीला घेतलीय, जूनपासून. कॅलेंडरवर आहे. मागची छोटी खोली रिकामी असेल तर घ्या, पण तिथे प्लग एकच आहे, आणि मंडळाचा एक्स्टेंशन बोर्ड तुमच्या मागच्या सरावापासून बेपत्ता आहे.

घंटा कुठली आणणार? आरतीच्या पेटीतली असेल तर नको. ती गणपतीशिवाय बाहेर काढायची नाही असं ठरलंय.

– विद्या

श्रीराम, गुरुवार सकाळी 7:05

मी 11 ला येतो (मुलाचं पोहणं, मेधा, झोप नाही). बोर्ड माझ्याकडे नाही.

घंटेला माझं अनुमोदन. आमच्याकडे मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला एक तक्ता मिळतो. सहा रकाने, प्रत्येकात 1 ते 5, खाली दोन ओळी पुरावा लिहायला. पुरावा म्हणजे उमेदवाराचे शब्द. मागे आपल्याकडचाच एक मुलगा आला होता, पुण्याचा, अतिशय हुशार. गोदामातल्या तापमानाच्या नोंदींची सगळी यंत्रणा त्यानेच बसवलेली होती. हे मला कळलं कसं, तर तो ज्या बारकाव्याने बोलत होता त्यावरून. कुठला सेन्सर खोटा आकडा देतो, रात्री 2 ला अलार्म का वाजतो. असलं दुसऱ्याच्या कामावर उभं राहणाऱ्याला माहीत नसतं. पण मी विचारलं, यात तुझा भाग कोणता? म्हणाला, ‘वुई वर अ टीम ऑफ सेव्हन.’ दुसऱ्यांदा विचारलं. ‘माय मॅनेजर गाइडेड अस.’ तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो गोंधळला, त्याला वाटलं मी त्याच्यावर खोटेपणाचा आळ घेतोय.

त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे एक ओळ नव्हती. मला आतून माहीत असून काय उपयोग, बाकीच्या तिघांनी 2 दिले होते. ज्याला घेतलं त्याने निम्मं काम केलं असेल, पण ‘आय’ म्हणाला.

– श्रीराम

नाना, गुरुवार सकाळी 8:30

प्रिय सर्व,

घंटा वगैरे काय चाललंय? नोकरी गेलेल्या माणसाला बोलावून त्याच्यापुढे घंटा वाजवायची?

मी या देशात 1987 साली आलो. पहिली नोकरी मिळाली ती ‘वुई’ म्हणूनच. तेव्हा माणूस माणसाकडे बघत असे, तक्ते नव्हते. आपल्याला घरी शिकवलं की मी-मी करू नये. सात जणांनी गाडा ओढला तर सात जणांचं नाव घ्यावं. उथळ पाण्याला खळखळाट फार. आता इथल्या लोकांना खळखळाटच आवडतो म्हणून आपणही तसं व्हायचं का, हा माझा प्रश्न.

(चाळीस मिनिटं कोण बोललं ते मला कळलं. त्या मुलाने प्रश्न विचारला होता म्हणून बोललो.)

– नाना

मेधा, गुरुवार सकाळी 9:02

> उथळ पाण्याला खळखळाट फार

नाना, खळखळाट नको, पण विहिरीत पाणी आहे हे तरी कळू दे. पोहरा आत सोडायला समोरच्याकडे पंचेचाळीसच मिनिटं असतात.

शनिवारी येणार ना? तुमच्यासारखं खोचक कुणी विचारत नाही.

पल्लवी, गुरुवार दुपारी 1:20

नमस्कार,

माझं नाव आलंच आहे तर मीच लिहिते. नाना, घंटेचं मला काही वाटत नाही. वाईट याचं वाटतं की नोकरी जाऊन आज 23 वा दिवस आहे आणि दोन ठिकाणी पहिल्या फेरीतच संपलं.

पहिल्या ठिकाणी ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला मी शाळेपासून सुरुवात केली. दहावी, बारावी, डिप्लोमा, मग डिग्री, मग कंपनी एक, कंपनी दोन. आपल्याकडे कॅम्पसला तसंच घोटून घेतात ना. घड्याळ बघितलं तर साडेसहा मिनिटं झाली होती आणि मी 2014 पर्यंतच पोचले होते. दुसऱ्या ठिकाणी शेवटी म्हणाले, आम्हाला काही विचारायचंय? मी म्हटलं, नो, एव्हरीथिंग इज क्लिअर. मला वाटलं हे चांगलं उत्तर आहे! प्रश्न विचारला म्हणजे समजलं नाही, असंच डोक्यात बसलेलं.

शिवाय सासूबाईंना सांगायचं राहिलं आणि ऐन रंगात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मी दर शिट्टीला ‘सॉरी’ म्हणत होते.

माझी खरी अडचण: नोकरी का गेली आणि व्हिसाचं काय, या दोन प्रश्नांना काय म्हणू? दोन्हीकडे माझा आवाज बदलतो, मलाच ऐकू येतं.

– पल्लवी

अजित, गुरुवार दुपारी 2:10

पल्लवी, घाबरू नकोस, नोकरी गेल्यावर देशात राहायला 60 दिवस हक्काचे असतात, निम्म्याहून जास्त बाकी आहेत.

माझा सल्ला पगाराबद्दल. आधीचा पगार अजिबात सांगायचा नाही. न्यू जर्सीत 1 जानेवारी 2020 पासून मालकाला तो विचारून त्यावरून उमेदवार चाळता येत नाही. अपेक्षा किती, हे मात्र विचारू शकतात. आणि 1 जून 2025 पासून दहा किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला जाहिरातीत पगाराचा पल्ला द्यावाच लागतो. तो पल्ला आधी वाचायचा आणि वरच्या निम्म्यातला आकडा सांगायचा. आपले लोक विचारायच्या आधीच ‘करंटली आय ॲम ॲट…’ करून आकडा टेबलावर ठेवतात. आपणहून सांगितला की कायदा काय करणार?

– अजित

रोहन, गुरुवार दुपारी 2:45

अजितदादा, कायदा ठीक आहे पण एडिसनच्या ओक ट्री रोडवरचे कन्सल्टन्सीवाले फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतात. त्यांना कलम ऐकवलं तर फोन ठेवतात.

– रोहन (सहापैकी एक, ओपीटीवाला, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर)

मेधा, गुरुवार दुपारी 3:30

> 60 दिवस हक्काचे असतात

अजित, असं सरसकट लिहू नकोस, लोक धरून चालतात. एच-1बीवाल्याला (नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला) कमाल 60. आय-94 ची (मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीची) तारीख त्याआधी संपत असेल तर तिथेच थांबायचं. मोजणी साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तिथून. सेव्हरन्सचे (नोकरी जाताना मिळणारे) पैसे नंतर येत राहिले म्हणून दिवस वाढत नाहीत. आणि त्या मुदतीत नुसती ऑफर हातात असून भागत नाही, नव्या मालकाचा अर्ज यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खात्याकडे) दाखल झालेला हवा. वकिलाला कागद जमवायलाच दीडदोन आठवडे जातात. म्हणजे पल्लवीकडे 37 दिवस नाहीत, तीनेक आठवडे आहेत. पल्लवी, तारखा तुझ्या वकिलाकडून पक्क्या कर, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

रोहनचं वेगळं. ओपीटीवर बेकारीचे एकूण 90 दिवस, स्टेम एक्स्टेन्शन (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीवाल्यांची वाढीव मुदत) मिळालं तर सगळे मिळून 150.

खोली?

केतकी, गुरुवार संध्याकाळी 5:50 (तुमची)

अजून यादीवर आहे, एडिसन सोडून चार वर्षं झाली तरी. इकडे म्युनिकला उलटंच आहे. सीव्हीवर फोटो, जन्मतारीख सर्रास असते. 2006 च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर मालक मागायचं टाळतात, तरी लोक लावतातच. मी अमेरिकन सवयीने एक पानी, बिनफोटोचा पाठवला तर बाई म्हणाल्या, बाकीची पानं कुठायत? आणि जुन्या मालकाचं प्रशस्तिपत्र, त्याची एक गुप्त भाषाच असते. ‘प्रयत्न केले’ असं लिहिलं असेल तर समजायचं, जमलं नाही.

नाना, इथे ‘आम्ही’ चालतं. थोडंसं.

– केतकी

नाना, गुरुवार संध्याकाळी 6:15

केतकी, शाबास. म्हणजे प्रश्न अमेरिकेचा आहे.

रोहन, गुरुवार संध्याकाळी 6:40

सीव्हीचा विषय निघालाच आहे तर, माझी फजिती. ‘आय पास्ड आउट इन 2023’ म्हणालो. समोरची बाई अतिशय काळजीने म्हणाली, आता बरा आहेस ना? मला पाच मिनिटांनी कळलं की इकडे त्याचा अर्थ शुद्ध हरपणं. त्यानंतर मी ‘आय हॅव अ डाउट’ म्हणालो, तेव्हा तिला वाटलं मला तिच्या कंपनीवरच शंका आहे.

अजून एक कबुली. एकदा शेजारच्या खिडकीत एआयची उत्तरं उघडी ठेवली होती. मुलाखत घेणारा म्हणाला, तुझे डोळे डावीकडून उजवीकडे फिरतायत, काय वाचतोयस? पुन्हा नाही.

श्रीराम, गुरुवार रात्री 9:30

रोहन, ते आम्हाला लगेच दिसतं. उत्तर फार गुळगुळीत येतं आणि आधीच्या दोन सेकंदांत चेहरा कोरा.

पल्लवी, तुझे दोन प्रश्न.

नोकरी का गेली: एक वाक्य. आमचा अख्खा विभाग बंद केला, इतक्या जणांबरोबर मीही. आकडा खरा सांग. पुढे लगेच तुझ्या कामावर ये. जुन्या बॉसबद्दल बरंवाईट काही नाही. लोक इथे घसरतात कारण ते अजून दुखावलेले असतात, आणि समोरच्याने ‘अरेरे’ म्हटलं की बांध फुटतो.

व्हिसा: स्पॉन्सरशिप लागेल का विचारलं तर ‘हो’. लपवायचं नाही, नंतर फॉर्मवर येतंच. पण ‘हो’वर थांबू नकोस. म्हण, मी एच-1बीच्या वार्षिक कोट्यात (65,000 अधिक 20,000) आधीच मोजली गेलेय, तुम्हाला लॉटरी लावायची नाहीये. ट्रान्सफरचा अर्ज दाखल झाला की मी काम सुरू करू शकते. बऱ्याच मॅनेजरांना हे माहीत नसतं. त्यांना एच-1बी म्हणजे मार्चची लॉटरी आणि ऑक्टोबरची वाट एवढंच ठाऊक. तू ज्या मिनिटाला हे नीट सांगशील त्या मिनिटाला तू अडचण राहत नाहीस. आणि 60 दिवसांची गोष्ट पॅनेलला ऐकवू नकोस. एचआरला तारीख सांग, पॅनेलला नाही.

आता तुझं ते नाइट बॅचचं (रात्री संगणकावर आपोआप चालणाऱ्या कामाचं) उदाहरण, जे फोनवर सांगितलंस. तू म्हणालीस, ‘बॅचला सहा तास लागायचे, मग आम्ही ते पन्नास मिनिटांवर आणलं.’ कोणी आणलं?

पल्लवी, गुरुवार रात्री 9:52

मी. म्हणजे, इंडेक्स चुकलाय हे माझ्या लक्षात आलं, क्वेरी मी पुन्हा लिहिली, आणि टेस्टिंग टीमने केलं. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) आधी ऐकत नव्हता, त्याला मी रविवारी बसवून दाखवलं.

श्रीराम, गुरुवार रात्री 9:55

हे! हे मंगळवारी सांग. रविवार आणि डीबीएसकट. टेस्टिंग टीमचं नावही घे, म्हणजे नानांचाही मान राहील.

नाना, शुक्रवार सकाळी 6:50

यात माझी हरकत नाही. तिने केलं ते तिने केलं म्हणावं. माझं म्हणणं वेगळं होतं, ते शनिवारी सांगेन. परीक्षक म्हणून येतो. मेधा, मला पाच प्रश्न दे, त्याबाहेर जाणार नाही.

मेधा, शुक्रवार सकाळी 7:15

दिले. व्हॉट्सॲप बघा. चौथा कोणी?

विद्या (सांस्कृतिक), शुक्रवार दुपारी 12:05

छोटी खोली मिळाली, 9:45 ला उघडेल. आमची तालीम शेजारीच आहे आणि दुसऱ्या प्रवेशात भांडण आहे, आवाज येणार, आधीच सांगते. खुर्च्या जिथून उचलाल तिथेच ठेवा. बोर्ड?

चौथी मी येते, 10 ते 10:30. बँकेत नऊ वर्षं मीच माणसं घेत होते, कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही.

मेधा, शनिवार दुपारी 2:30

झालं, सगळ्यांचे आभार. पल्लवी पहिल्या फेरीत 14 घंटा, तिसऱ्या फेरीत 3. ‘स्वतःबद्दल सांगा’ दीड मिनिटात बसवलं. विद्याने विचारलं ‘आमच्याबद्दल काय वाचलंत?’ तेव्हा सहाही जण गप्प, तर मंगळवारच्या आत पल्लवीने कंपनीचं संकेतस्थळ आणि जाहिरात शांतपणे वाचावी. शेवटी विचारायचे तीन प्रश्न लिहून कॅमेऱ्याखाली चिकटवायचे. कुकर 4 नंतर.

बोर्ड माझ्याच डिकीत होता. विद्या, सॉरी.

नाना, शनिवार दुपारी 3:10

निकालाला माझी हरकत. तिसऱ्या फेरीतल्या तीनपैकी एक घंटा चुकीची आहे. ती ‘वुई’ म्हणाली नव्हती, ‘व्ही.पी.’ म्हणाली होती. मी शेजारीच बसलो होतो. दोन धरावे.