अकरावे वचन सापडते, दहावे सुटते

नगरकर (प्रश्न)

सर्वांना ख्रिस्तात सलाम. गेली सात-आठ वर्षे मी पवित्र शास्त्र (बायबल) मोबाइलवरच वाचतो. घरी आजीची छापील प्रत आहे, हाताळून हाताळून कडा काळवंडलेली, पण रविवारी उपासनेला निघताना ती पिशवीत घालायची सवय केव्हा मोडली ते मलाही सांगता येणार नाही.

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासगटात माझी फजिती झाली. नोकरी गेलेल्या एका तरुणाला धीर द्यावा म्हणून मी 'आशा' हा शब्द शोधून यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ (अध्याय २९, वचन ११) काढले आणि देवाचे संकल्प हिताचे असतात हे मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. गटातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी शांतपणे विचारले, "आणि दहावे वचन?" मला ते ठाऊक नव्हते. त्यात बाबेलच्या सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेले ते पत्र आहे. तिथेच घरे बांधा, बागा लावा आणि त्याच नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा, असे त्यांना सांगितले आहे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. हेच वचन सूर्योदयाच्या चित्रावर छापून रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर येते आणि मीही ते कितीदा पुढे पाठवले याची गणती नाही.

शब्द टाकून वचन काढायच्या सवयीमुळे माझे वाचन उथळ झाले आहे, की दोष माझाच असून मी उगाच यंत्राला बोल लावतो आहे?

जुना प्रोग्रामर

यंत्राला बोल लावण्यापूर्वी एका येशूसंघीय धर्मगुरूची हकीकत ऐकावी. इटलीतील फादर रोबेर्तो बुसा १९४०च्या दशकात मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांच्या लेखनातील 'उपस्थिती' या कल्पनेवर प्रबंध लिहीत होते. त्यासाठी 'उपस्थिती' हा शब्द शोधून भागेना. लॅटिनमध्ये 'आत' किंवा 'मध्ये' असा अर्थ देणारे जे 'इन' हे चिमुकले शब्दयोगी अव्यय आहे, त्यातच खरे मर्म आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्या एका अव्ययासाठी त्यांनी सुमारे दहा हजार कार्डे हाताने लिहिली. हे काम यंत्राने करता येईल का, हे विचारायला १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कला आयबीएम या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. पंचकार्डांपासून (यंत्राने वाचायच्या भोके पाडलेल्या कार्डांपासून) सुरू झालेली ती शब्दसूची १९८०पर्यंत ५६ खंडांत छापून झाली. त्यात प्रत्येक शब्दाची सगळी रूपे त्याच्या मूळ शब्दाखाली लावलेली आहेत.

मराठीत तर ही गरज अधिकच आहे. साध्या शोधात 'पाणी' टाकून पाहा: येशूचा शिष्य पेत्र ज्या 'पाण्यावरून' चालला ते पाणी सापडणार नाही, कारण विभक्तीबरोबर शब्दाचा चेहराच बदलतो. जुन्या प्रतीतली 'प्रीति' आणि आपण टंकतो ती 'प्रीती' यांचीही गाठ पडत नाही. म्हणजे आपण ज्या शोधावर विसंबतो तो मुळातच आंधळा आहे. बुसा यांनी यंत्र वापरले ते एकही जागा सुटू नये म्हणून. आपण वापरतो ते पहिली जागा मिळताच थांबता यावे म्हणून. माझ्या मते फरक इथे आहे.

वसईकर

आपण 'उपस्थिती'चा उल्लेख केलात म्हणून लिहिते. २०२०च्या टाळेबंदीत आमच्याकडे मिस्सा (कॅथलिकांची रविवारची उपासना) यूट्यूबवर होत असे. आई टीव्हीपाशी मेणबत्ती लावायची, शुभवर्तमानाला उभी राहायची, उत्तरेही मोठ्याने द्यायची. पहिल्या रविवारी कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तशरीर म्हणून पवित्र भाकर घ्यायच्या वेळी ती सवयीने रांगेसाठी उठली आणि कुठे जायचे ते न कळून सोफ्यापुढे तशीच उभी राहिली. व्हॅटिकनने २००२ मध्येच इंटरनेटवरील निवेदनात स्पष्ट लिहिले होते की इंटरनेटवर कम्युनियनसारखे चर्चचे पवित्र संस्कार होऊ शकत नाहीत. मी ते कधीतरी वाचले होते, पण मला ते कळले आईला तसे उभे पाहून.

तरीही माझी तक्रार नाही. आता ती अंथरुणावर आहे. मिस्सा पडद्यावर पाहते आणि नंतर चर्चमधून कोणीतरी ख्रिस्तशरीर घेऊन घरी येते. पडदा नसता तर तिचा रविवार पाच मिनिटांचा झाला असता. शिवाय मोतीबिंदूच्या डोळ्यांना बोटांनी मोठी करता येणारी अक्षरे म्हणजे काय, हे तरुणांना सांगून कळणार नाही.

नगरकर

दोघांचेही आभार. या आठवड्यात आजीची प्रत काढली आणि यिर्मया सव्विसाव्या अध्यायापासून सलग वाचला. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे छातीठोकपणे सांगतो आणि खोटा ठरतो. इतकी वर्षे मी यिर्मयाच्या नावावर हनन्याचाच निरोप पाठवत होतो, असे मला वाटले. (मोबाइलही वापरला, शब्दकोश हाताशी लागतो, ते नाकारत नाही.)

त्या तरुणाला मी दहावे वचनही पाठवले. त्याचे उत्तर आले, "काका, सत्तर वर्षे?" आज संध्याकाळी त्याच्या घरी जाणार आहे.