निबंधात ‘विषय हार्ड’ चालेल का?

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यात नववीला मराठी शिकवते. ‘माझा आवडता खेळाडू’ या निबंधात एका मुलाने ‘त्याचा नादच खुळा, विषयच हार्ड’ असे लिहिले. बाकी मजकूर नेटका असताना केवळ या वाक्यासाठी गुण कापावेत की नाही, यावरून आम्हा शिक्षकांत चांगलीच जुंपली. आपले मत काय?

प्रतिसाद १ : कापू नयेत. ‘राडा’ आणि ‘झोल’ हे शब्दही एकेकाळी कट्ट्यावरचेच होते. आज वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते बिनदिक्कत छापले जातात.

प्रतिसाद २ : वर्तमानपत्राला चालते ते बोर्डाच्या परीक्षकाला चालेलच असे नाही, आणि दहावीला फटका मुलालाच बसणार. शिवाय ‘हार्ड’, ‘कडक’, ‘खतरनाक’ एवढ्यावर सगळे कौतुक भागवायची सवय लागली, की तो खेळाडू चपळ आहे, चिवट आहे की धूर्त, हे सांगायचे राहूनच जाते. (आमच्या पिढीचे ‘झक्कास’ही असेच कुठेही चिकटत असे.)

प्रश्नकर्ती : चपळ की चिवट, हा मुद्दा पटला. गुण तसेच ठेवते आणि ‘हार्ड म्हणजे नेमके कसा, ते दोन वाक्यांत लिही’ असा शेरा देते.