डेटा सेंटर नवी मुंबईत, पण वीज कोणाच्या ई-क्लासवरची?

धुऱ्यावरून (यवतमाळ जिल्हा): आमच्या ई-क्लासवर (गावच्या चराईच्या सरकारी जमिनीवर) सोलर टाकायचा ठराव ग्रामसभेत आला. कागदावर जमीन 'पडीक'. पाऊस लागला की अर्ध्या गावची ढोरं तिथंच असतात. ससे, तितर, लांडगेही तिथंच. तिकडे नवी मुंबईत डेटा सेंटर (इंटरनेटचे हजारो संगणक ठेवायच्या इमारती) वाढतात नि इकडे चराई जाते. हिशेब करा. 100 मेगावॉटचं सेंटर चोवीस तास चालतं. सोलर वर्षाच्या सरासरीनं क्षमतेच्या पाचवा हिस्साच देतं. म्हणजे 500 मेगावॉटचे पॅनेल लागतात. मेगावॉटला चार एकर धरले तरी 2000 एकर!

पऱ्हाटीवाला: भाऊ, खिचडी करू नका. तुमच्या गावचं सोलर बहुतेक मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं असेल. ती वीज पंपाला दिवसा मिळते. रात्री दोनला पाणी द्यायला जाऊन पहा एकदा, साप-विंचवात. खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख भाडंही आहे. कोरडवाहू कपाशीत खर्च जाता एवढे उरतात का?

धुऱ्यावरून: पंपाचं खरं, तिथं मी घाई केली. पण भाडं सातबारावाल्याला. ई-क्लासवर चारणाऱ्याच्या नावावर काय आहे?

नागपूर-पुणे-नागपूर: जगाच्या विजेत डेटा सेंटरचा वाटा 2024 मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होता. 2030 पर्यंत वापर दुपटीहून जास्त होईल असा अंदाज आहे, पण आपल्या रानाचं नुकसान त्याच्या कितीतरी आधी कोळशानं केलं. चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं केंद्र बघा, भोवतालच्या खाणी बघा. पॅनेल पंचवीस वर्षांनी उचलता येतात, खाण बुजवून जंगल परत येत नाही.

धुऱ्यावरून: मग रात्री सेंटर कशावर चालतं? त्याच कोळशावर. सोलरही आमचं, राखही आमची.

फाइल-फिरस्ता: भांडण्याआधी जुनी नोंद काढा. 'झुडपी जंगल' (विदर्भात खुरट्या झुडपांच्या जमिनीची जुनी नोंद) लिहिलं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालानं ते वनच आहे. मग नुसत्या ठरावानं भागत नाही, केंद्राची मंजुरी लागते. कैक गावांत हे कोणी पाहतच नाही.

पऱ्हाटीवाला: पॅनेल उंच लावले तर खाली चराईही होते म्हणतात.

बकरीवाल्याचा पोरगा: मेंढ्या चालतील. बकऱ्या पॅनेलवर चढतात ना भाऊ! आन् आमच्या शेजारच्या गावात तर तारेचं कुंपण हाय, गेटवर वाचमन. आमच्या बुढ्याला बांधावरूनच हाकललं.