१/४८ मिग-२१ बिसचं कॉकपिट घरीच घडवायचंय : डायल, स्विच, पट्टे आणि वाकणारी शीट

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. मिग-२१ बिस या लढाऊ विमानाचं १/४८ मॉडेल (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं) हातात घेतलंय. किट जुन्या साच्याचं आहे. कॉकपिटच्या नावाखाली सपाट टब (कॉकपिटचा तळ-भिंतींचा डबा), खुर्चीसारखा एक ठोकळा आणि डायलच्या पॅनेलसाठी एक डिकल (चिकटवायचं छापील चित्र), एवढंच दिलंय. तयार रेझिनचा सेट मागवायचा नाही, सगळं स्टायरीन (प्लास्टिक) शीट आणि तारेतून करायचं ठरवलंय. अडलेले मुद्दे असे :

१. ०.५ मिमीच्या दोन शीट पातळ सिमेंटने एकमेकींवर चिकटवून पॅनेलची पाठ केली. पहिल्या दिवशी सरळ होती, तिसऱ्या दिवशी पापडासारखी वळली. का?
२. डायल फोटो स्टुडिओतून छापून आणल्या, पण आकडे-काटे सगळे धुरकट आले.
३. उजव्या बाजूच्या स्विचच्या रांगा कशाच्या करायच्या?
४. खुर्चीचे पट्टे मास्किंग टेपचे केले तर टिकतात का?

सामान सांगली-मिरजेत मिळणारं असेल तर फार बरं.

अजिंक्यतारा

आधी शीटचं. पातळ सिमेंट म्हणजे निव्वळ सॉल्व्हंट. ते प्लास्टिक विरघळवतं आणि उडून जातं. दोन मोठ्या पृष्ठभागांच्या मध्ये अडकलं की त्याला बाहेर पडायला फक्त कडा उरतात. मधला भाग चार-सहा दिवस मऊ राहतो, कडा आधी सुकून आकसतात आणि शीट वळते. तीन गोष्टी करा. मागच्या शीटला दर ८-१० मिमीवर १.५ मिमीची भोकं पाडा, म्हणजे वाफ निघून जाते. सिमेंट पृष्ठभागावर फासू नका, दोन्ही शीट धरून कडेने ब्रशचं टोक टेकवा, आत तेवढंच शिरू द्या. आणि जाडी हवीच असेल तर दोनाऐवजी तीन थर घ्या, मधे ०.५ आणि दोन्हीकडे ०.२५. दोन्ही बाजूंची ओढ सारखी असली की एकमेकींना तोलून धरते. मग काचेच्या दोन तुकड्यांत दाबून किमान २४ तास हात लावायचा नाही. वळलेली शीट गरम पाण्यात घालून सरळ करायच्या नादी लागू नका, आतलं सॉल्व्हंट संपेपर्यंत ती परत वळणार. नवीन कापा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण कामाचा पाया तीच आहे. डायलला हात घालायच्या आधी टबची मापं पक्की करा. किटच्या फ्यूजलाजची (विमानाच्या धडाची) भिंत १ मिमी जाड असली तरी १/४८ ला ती खऱ्या विमानात ४८ मिमी होते. कॉकपिटच्या काठाशी ही जाडी लगेच डोळ्यात भरते. वरचा ४-५ मिमीचा पट्टा आतून गोल पात्याने खरवडत न्या, बाहेरून टॉर्च धरून उजेड सगळीकडे सारखा झिरपतोय का ते पाहत राहा. पॅनेल लाइनपाशी (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेघांपाशी) हात आवरता घ्या, तिथे प्लास्टिक आधीच पातळ असतं.

टबच्या भिंती, कन्सोल (खुर्चीच्या दोन्ही बाजूंचे स्विचचे कट्टे) आणि पॅनेल आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या कार्डातून कापा. कार्ड साधारण ०.३-०.४ मिमीचं असतं, कापायला सोपं, चुकलं तर फेकलं. कार्डाचं कॉकपिट आत बसवा, फ्यूजलाजचे दोन्ही अर्धे टेपने बांधा, वर कॅनोपी (कॉकपिटवरची काच) ठेवा आणि मग बघा : खुर्चीचं डोकं काचेला लागतं का, पॅनेलचा माथा विंडस्क्रीनच्या खाली मावतो का, खालच्या पुढच्या चाकाच्या खोबणीला टबचा तळ भिडतो का. मिगचं नाक अरुंद, हवेची वाट कॉकपिटच्या दोन्ही अंगांनी मागे जाते, त्यामुळे अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी फ्यूजलाज मिटत नाही. कार्ड चोख बसलं की त्याचेच छाप स्टायरीनवर घ्या.

खुर्चीच्या पाठीमागच्या रुळांचा कोनही याच टप्प्यावर ठरवा. रंग झाल्यावर खुर्ची पुढे कललेली दिसली तर काही करता येत नाही.

मिरजकर

डायलचं सांगतो. पॅनेलवरच्या मोठ्या डायल ८० मिमीच्या आणि लहान ६० मिमीच्या धरा. १/४८ ला त्या १.६७ आणि १.२५ मिमी होतात. स्टुडिओची मशीन बहुतेक ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) छापते, म्हणजे १.६७ मिमीत जेमतेम २० ठिपके. २० ठिपक्यांत काटा आणि आकडे कसे उमटणार? १२०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर ७९ ठिपके मिळतात. ओएचपी फिल्मवर लेझरने छापा, इंकजेटची शाई फिल्मवर पसरते. लग्नपत्रिकांच्या स्क्रीन प्रिंटिंगसाठी पॉझिटिव्ह (छपाईची फिल्म) काढून देणारा कोणी ओळखीचा असेल आणि त्याच्याकडे २४०० डीपीआयचा इमेजसेटर (ती फिल्म काढणारं यंत्र) असेल तर त्याहून उत्तम.

छापताना जमीन काळी आणि आकडे पारदर्शक ठेवा. मागून पांढऱ्या ॲक्रिलिकचा पातळ हात दिला की आकडे पांढरे उठतात आणि फिल्मचीच चकाकी काचेचं काम करते.

गोल कापायला इंजेक्शनच्या कोऱ्या सुया वापरा. १४ गेजचा आतला व्यास १.६० मिमी, १६ गेजचा १.१९, १८ गेजचा ०.८४. म्हणजे मोठ्या डायलला १४, लहानीला १६. (१/७२ करणाऱ्यांना १६ आणि १८ जवळजवळ अचूक लागू पडतात.) सुईचं तिरकं टोक धारेच्या दगडावर काटकोनात घासून काढा. मग हँड ड्रिलमध्ये धरून फिरवत बाहेरून उतार द्या, धार आतल्या कडेला आली पाहिजे. उतार आतून दिला तर चकती बशीसारखी वाकते. आतला चुरा बारीक तारेने काढून टाका. खाली स्वयंपाकघरातला पांढरा प्लास्टिकचा कटिंग बोर्ड ठेवा. लाकडाच्या रेषांवर सुई सरकते आणि काचेवर धार जाते.

मुख्य अडचण येते ती मध्य साधण्याची. सुईतून आरपार दिसत नाही, त्यामुळे डायल एका बाजूला कलते. उपाय सोपा : फाइलमध्येच प्रत्येक डायलभोवती केसाएवढं बारीक वर्तुळ काढून ठेवा, सुईच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडंसं मोठं. १४ गेजचा बाहेरचा व्यास २.११ मिमी आहे, तर वर्तुळ २.३ चं. सुई त्या वर्तुळात सगळीकडून सारखी फट राहील अशी उभी धरायची, दाबायचं आणि अर्धा वळसा द्यायचा. चकती आत अडकली की मागून १.५ मिमी ड्रिलच्या दांड्याने ढकला.

कृष्णाकाठ (सांगली)

हे वर्तुळाचं डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका, पॅनेलला १.७ चं भोक पाडायला गेलं की ते गोल न होता तीनकोनी होतंय.

मिरजकर

पातळ शीटला मोठं ड्रिल लावलं की तसंच होणार, ड्रिलच्या टोकाला टेकायला जाडी मिळत नाही. शीट लाकडाच्या तुकड्यावर टेपने पक्की बसवा, १ मिमीने सुरुवात करा, १.४ पर्यंत न्या आणि पुढचं गोल निमुळत्या नीडल फाइलने किंवा घड्याळजीच्या ब्रोचने (भोक वाढवायच्या निमुळत्या हत्याराने) दोन्ही बाजूंनी वाढवा.

किंवा भोक पाडूच नका. सपाट ०.२५ च्या पॅनेलवर चकत्या चिकटवा आणि कडेची रिंग तारेची करा. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे एनॅमलची तांब्याची तार मागा, ४० एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचा नंबर) म्हणजे ०.१२ मिमी. उसाच्या पट्ट्यात पंपाच्या मोटारी सतत जळतात, त्यामुळे अशी दुकानं गावोगाव आहेत, आणि पंपाला जाड तार लागत असली तरी बारीक गेजच्या उरलेल्या रिळांतून चार-पाच मीटर सहज मिळते. तार १.६ मिमी ड्रिलच्या दांड्यावर शेजारी शेजारी घट्ट गुंडाळा, सोनार कड्या करतो तशी, आणि स्प्रिंगच्या अंगावर पात्याने एक उभी रेघ मारा. एका खेपेत वीस-पंचवीस सारख्या रिंगा पडतात. सपाट चिमट्याने दाबून मिटवा. फेव्हिकॉलच्या पातळ थेंबावर बसवा, तिथे फेविक्विक नको, डायलवर बुरशीसारखा पांढरा थर चढतो.

विश्रामबाग_मॉडेलर

स्विच आणि पट्टे माझ्याकडून.

स्विचची दांडी खऱ्यात साधारण २५ मिमीची धरली तर १/४८ ला अर्धा मिमी. तीच ०.१२ ची तांब्याची तार घ्या, पण आधी मऊ करा : मेणबत्तीवर लाल होऊ द्या आणि पाण्यात बुडवा. तांबं पाण्यात विझवलं तरी कडक होत नाही. एनॅमल जळून जातं, काजळी रेझमालने (पॉलिश पेपरने) पुसा. कन्सोलच्या शीटला ०.२ चं ड्रिल लावू नका, चारातलं एक तुटतंच. शिलाईच्या सुईने टोचे मारा. रांग सरळ यावी म्हणून कन्सोलवर बारीक टेपची कड लावून तिच्या काठाने १ मिमी अंतराच्या खुणा आधी करून घ्या. तार दोन सेंटिमीटर लांबच ठेवा, टोक टोच्यात रोवा, मागून सिमेंट नव्हे तर पातळ फेविक्विक सुईने टेकवा. सगळी रांग सुकल्यावर ०.५ मिमी जाडीची पट्टी आडवी ठेवून तिच्या माथ्यावरून नेलकटरने तारा छाटा. अशा सगळ्या एका उंचीच्या होतात. मग प्रत्येक टोकावर फेव्हिकॉलचा सुईएवढा थेंब, आणि सुकल्यावर चिमट्याने हलकेच थोड्या वर, थोड्या खाली वळवा. सगळ्या एका दिशेला असल्या की कंगवा दिसतो.

मिग-२१ च्या उजव्या कन्सोलवर स्विच दाट आहेत, आणि बिसची कॅनोपी उजव्या अंगाला उघडते. म्हणजे उघडी ठेवली तर बघणारा बहुधा डावीकडून वाकतो आणि त्याची नजर थेट उजव्या भिंतीवर पडते. डोळ्यांचे कष्ट तिथे खर्च करा. पायाच्या पेडलला मात्र साध्या पट्ट्या पुरेत, फ्यूजलाज मिटल्यावर ते टॉर्च लावूनही धड दिसत नाहीत.

सरळ नळ्यांसाठी मिरजेत सतारीची पोलादी तार मिळते, बाजाची (मुख्य तार) साधारण ०.३० मिमी. खुर्चीच्या रुळालगतच्या नळ्या, कॅनोपीचा आधार, यांना झकास, कारण ती जराही वाकत नाही. पण बारीक निपरने कापू नका, पात्याला खाच पडते आणि तुकडा गोळीसारखा उडतो. चष्मा लावा, फाइलने खाच पाडून मोडा. जिथे वळण आहे तिथे तांबंच.

पट्टे मास्किंग टेपचे करू नका. वर्षभरात गोंद कोरडा पडतो, कडा उठतात, आणि टेपला कापडासारखी पडीक घडी येत नाही. मलमाच्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबचा पत्रा घ्या, रिकामी ट्यूब उभी चिरून धुवा, आतलं लाखेचं अस्तर रेझमालने काढा, ज्योतीवर क्षणभर फिरवून मऊ करा. ज्योतीत थांबलात तर वितळून भोक पडेल. नवीन पातं लावून ०.९ मिमीच्या पट्ट्या काचेवर कापा, खऱ्या पट्ट्याची रुंदी साधारण ४५ मिमी असते. बकलसाठी तीच ०.१२ ची तार ०.९ मिमी रुंदीच्या पितळी पट्टीभोवती चौकोनी वळवा. पट्टा बकलमधून ओवून मगच खुर्चीवर ठेवा आणि ओल्या ब्रशच्या दांड्याने उशीवर दाबा, वजनाने पडल्यासारखा दिसला पाहिजे.

उशीला एम-सील चालतं. दोन्ही भाग अगदी समान मळा, कमी-जास्त झालं तर आठवड्यानेही चिकट राहतं. बोटांना पाणी लावत राहा आणि अर्धवट घट्ट झालं की ओल्या सुती रुमालाने दाबा, विणीचा पोत उमटतो.

अजिंक्यतारा

वरच्या मित्राने खुर्ची काढलीच आहे म्हणून : कोणतं मिग करताय ते आधी नक्की करा. आपल्या वायुदलाच्या एफएल या आधीच्या प्रकारात एसके नावाची (वैमानिकाला बाहेर फेकणारी) खुर्ची होती आणि कॅनोपी पुढच्या बिजागरीवर उचलली जायची. बिसला केएम-१ खुर्ची आणि उजवीकडे उघडणारी कॅनोपी. बायसन म्हणजे सुधारलेलं बिस, त्याच्या पॅनेलवर स्क्रीन आल्या, त्यामुळे नेटवरचा बायसनचा फोटो बघून जुन्या बिसचं पॅनेल केलंत तर चुकेल. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हाचे फोटो भरपूर आहेत, पण ती बायसन आहेत. आणि फोटोतून माप काढताना ८० मिमीची एक डायल पट्टी म्हणून वापरा, बाकी सगळं तिच्या प्रमाणात. मात्र फोटो समोरून काढलेला हवा, तिरक्या फोटोत डायल लंबगोल होतात आणि माप फसतं.

पॅनेलच्या मधोमध खाली उतरणारी उभी पांढरी रेघ विसरू नका. विमान गिरकीत सापडलं तर वैमानिकाने स्टिक त्या रेघेच्या सरळीत ढकलायची, यासाठी ती आहे. ब्रशने नको, पांढऱ्या डिकलची ०.४ मिमीची पट्टी कापून लावा.

रंग फिरोजी निळसर-हिरवा, पण बाटलीतला थेट मारला तर १/४८ ला भडक दिसतो, १० थेंबांना १ थेंब पांढरा घाला. साताऱ्याकडे जुलै-ऑगस्टात लॅकर फवारू नका. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढरट पडतो. घाईच असेल तर थिनरमध्ये रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) घाला किंवा ॲक्रिलिक वापरा.

कृष्णाकाठ (सांगली)

बिसच आहे, ऐंशीच्या दशकातलं, स्क्रीन नसलेलं. शेवटचं एक, कॅनोपी कशाने चिकटवू?

मिरजकर

फेव्हिकॉल. फेविक्विकची वाफ बंद जागेत हवेतल्या ओलीशी मिळून काचेवर आतून पांढरी बसते, आणि मिटलेल्या कॉकपिटमध्ये ती पुसायला बोट जात नाही. स्विचसाठी फेविक्विक वापरलं असेल तर टब दोन दिवस उघड्यावर ठेवून मगच फ्यूजलाज मिटा.

आणि मिटण्याआधी नाकात वजन. टब घरी केला की किटने वजनासाठी ठेवलेली जागा बहुतेक खाल्ली जाते. पुढच्या शंकूत शिशाचे छर्रे अरल्डाइटमध्ये भरा, मुख्य चाकांच्या जागी बोटं धरून विमान तोला, नाक खाली झुकलं की त्यावर आणखी दोन छर्रे.